शालीचा कोपरा

सराफाच्या पेढीवर माझं काम एकच: समोर आलेला दागिना खरा की खोटा ते सांगायचं. कसोटीच्या दगडावर घासायचा, आम्लाचा थेंब टाकायचा आणि गिऱ्हाइकाला धडकी भरेल असा चेहरा करायचा. बायको म्हणते, भाजी निवडतानाही माझा तोच चेहरा असतो.

पुतणीने रविवारी दुपारी तिच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ सुरू केला. ती राक्षस-जादूगारांची गोष्ट सांगणार, आपण त्यातली माणसं व्हायचं, काय करणार ते बोलायचं आणि जमलं की नाही ते फाशांवर ठरायचं. शेजारचे दातांचे डॉक्टर योद्धा झाले, बायको चोर आणि मी जादूगार. वस्तूत जादू आहे का, हे ओळखणारा मंत्र मला येत होता. दुसरं काय मिळणार होतं मला?

वाटेत एका फेरीवाल्याने तलवार दाखवली. मी मंत्र म्हटला. तलवारीभोवती निळी आभा दिसते, असं पुतणीने सांगितलं. अस्सल आहे, घेऊन टाका, असं मी डॉक्टरांना ठणकावलं. एवढी भारी तलवार हा विकतोय कशाला, असं बायकोने विचारलं. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते मला छान जमतं.

राक्षसावर पहिला वार केला आणि तलवार पत्र्यासारखी वाकली. योद्धा गेला. साध्या लोखंडावर कुणीतरी जादूचा नुसता मुलामा चढवला होता, आणि माझ्या मंत्राला तेवढाच दिसला होता. मुलामा म्हणजे काय, हे मला पुतणीने समजावून सांगितलं. मला! डॉक्टरांनी योद्ध्याची बोटभर बाहुली स्वतः रंगवली होती, दात कोरायच्या हत्याराने तिला मिशा काढल्या होत्या. ती त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि पुढच्या रविवारी बिनमिशीचा नवा योद्धा आणला.

मग माझा संशय मोकाट सुटला. गोष्टीतल्या एका खाणावळीतला चमचा मी ठोकला, हुंगला, उकळला. दुपार सरली, चमचा चमचाच राहिला. तोवर बायकोच्या चोराने शेजारचं घर साफ केलं.

पुढे गोष्टीतल्या एका म्हातारीने आम्हाला सोनेरी आभेची शाल दिली, तीही फुकट. फुकट म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. आत काय आहे ते बघायला कोपरा कापतो, असं मी जाहीर केलं.

"काका, नक्की?" पुतणीने विचारलं.

"नक्की."

तिचा चेहरा उतरला. शाल खरी होती. मेलेल्या माणसावर पांघरली की तो उठून बसणार होता. डॉक्टरांच्या मिशाळ योद्ध्यासाठीच तिने ती योजली होती, आणि माझी कात्री लागताच शाल विझली. सोनं कितीही घासलं तरी सोनंच राहतं. तपासताना वस्तूच मरेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनीच हळूच विचारलं, "कापलेल्या कोपऱ्यात काही उरलंय का?"

पुतणी विचारात पडली. "तुकडा तळहाताएवढा आहे," ती म्हणाली, "माणूसही तेवढाच परत येईल."

आला तो योद्ध्याचा उजवा हात, मनगटापर्यंत. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी दवाखान्यातल्या मेणाचा हात घडवून आणला. आता खेळात तो हात बायकोच्या चोराच्या झोळीत बसून आमच्याबरोबर हिंडतो आणि मी पारख करायला सरसावलो की माझ्या जादूगाराच्या टाळक्यात मारतो. गेल्या रविवारी मी एक दिवा बरोबर ओळखला. लावून बघितला, एवढंच. पुतणीने मान डोलावली. हाताने तरीही मारलंच. डॉक्टर म्हणाले, त्याला आता सवय लागलीय.