पेढ्यांसोबत घेतलेल्या सह्या

हडपसरच्या एका कारखान्यात मी साठ-पासष्ट माणसांना एका सकाळी यंत्रसुरक्षेचं प्रशिक्षण दिलं, आणि त्यासाठी मला यंत्राबद्दल तोंडातून एक शब्द काढावा लागला नाही. मी फक्त पेढे वाटले.

दिवस खंडेनवमीचा होता. यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बंद ठेवलेली. माणसं धुतलेले कपडे घालून शेडमध्ये रांगेत उभी. पेढ्यांचा पुडा घेतला की वहीत एक सही करायची, हा आमच्याकडचा रिवाज. मी त्या वहीशेजारी दुसरी वही उघडून ठेवली आणि प्रत्येकाला म्हटलं, "इथे पण एक करा." कशाची, म्हणून कुणी विचारलं नाही. एका हातात पुडा, एका हातात पेन. अर्ध्या तासात अख्खा कारखाना प्रशिक्षित झाला. ऑडिट पुढच्या आठवड्यात होतं आणि वर्षभर राहून गेलेलं ट्रेनिंग मी असं उभ्याउभ्या उरकलं. स्वतःवर इतकी खूश होते की उरलेल्या पुड्यातले दोन पेढे मीच खाल्ले.

हे आज आठवायचं कारण आमची नात. परवा कोथरूडच्या घरी ती ऑफिसचं सेफ्टीचं ट्रेनिंग लॅपटॉपवर लावून, आवाज बंद करून पोहे खात बसली होती. मधूनमधून चमचा खाली ठेवून एक बटण दाबायची.

"आजी, कम्पल्सरी आहे गं. कुणी बघत नाही."

"आग लागली तर तुमच्या ऑफिसचा जिना कुठल्या बाजूला आहे?"

"लिफ्ट आहे ना."

मी हसले. मला हसायचा काही हक्क नाही, हे तिला ठाऊक नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

तेव्हा मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. नारायण पेठेतून कंपनीच्या बसने हडपसरला जायची, पर्सोनेलमध्ये रजेचे अर्ज, ओळखपत्रं, गणवेश असलं बघायची. मग एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीने आम्हाला कळवलं की तुमच्याकडे सुरक्षा बघणारी जबाबदार व्यक्ती हवी. साहेबांनी मान वर केली, समोर मी होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मला शिवाजीनगरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं. धोका कसा ओळखायचा, तो कुणाला होऊ शकतो, झाला तर जबाबदारी कुणाची, असं सगळं तिथे पडद्यावर दाखवलं. जेवणात पनीर होतं. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं, आणि तिथून पुढे माझं डोकं जे चढलं ते विचारू नका. घरी कुकरची शिट्टी झाली की मी वाफेच्या दाबावर बोलायला लागायची. आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "वरण शिजलंय का, तेवढं सांग."

कोर्समधली एक गोष्ट मात्र मला नीट समजली होती. आमच्याकडे पत्रा कापायचे प्रेस होते. प्रेसला दोन बटणं असतात, दोन बाजूंना, मुद्दाम लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. म्हणजे तो खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, साच्यात नसतात. कामाच्या घाईत लोक एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात, मग एका हाताने काम पटापट होतं आणि दुसरा हात आत जायला मोकळा राहतो. हे मला ठाऊक होतं. आमच्या शेडमध्ये एका प्रेसच्या उजव्या बटणावर अशी पट्टी आहे, हे मी जाता-येता पाहिलंही होतं. पण खंडेनवमीच्या त्या आठवड्यात मी ऑडिटच्या फाइलींना रंगीत लेबलं लावत होते. लेबलं फार सुरेख झाली होती.

खंडेनवमीनंतर महिन्याभराने त्या प्रेसवर एका बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ती यवतमाळकडची. तिशीची असेल. नवऱ्याबरोबर इकडे आलेली, आमच्याकडे पॅकिंगला लागलेली. प्रेसवरचा माणूस रजेवर गेला म्हणून सुपरवायझरने तिला तिथे उभं केलं. अपघाताच्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं. हाताला गुंडाळलेल्या फडक्याकडे मी बघितलं नाही, तिच्या चपलांकडे बघत राहिले. एकीचा अंगठा शिवलेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब सदाशिव पेठेतले, आवाज कधीच न चढवणारे. समोर माझी वही उघडी होती.

"बाई, ही तारीख कुठली?"

"खंडेनवमीची."

"आणि विषयाच्या रकान्यात काय लिहिलंय? वाचा."

मी वाचलं, "प्रेस चालू करून दोन बटणांचं प्रात्यक्षिक."

"त्या दिवशी प्रेसच्या गळ्यात हार होता. तुम्हीच घातला होतात. मग प्रात्यक्षिक हार काढून केलंत, की हारासकट?"

मी वही माझ्याकडे ओढली.

"खंडेनवमीला यंत्र चालवत नाहीत हे सरकारी इन्स्पेक्टरला आपण सांगायला नको. तोही इथलाच आहे. परवा येतोय. आधीच्या आठवड्यातला एखादा दिवस धरा, नवीन पान करा, सह्या पुन्हा घ्या."

"तिची सही?"

"तिचीच तर हवी. सही असली तर ती शिकलेली होती. शिकलेली असून चिकटवलेल्या बटणावर काम केलं, तर जबाबदारी तिची, आणि अशा माणसाला आपण कामावर ठेवू शकत नाही. सही नसली तर जबाबदारी आपली." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "आपली म्हणजे, बाई, पहिल्यांदा तुमची."

इथे मी काहीतरी बाणेदार बोलले असेन असं नातीला सांगायला मला आवडलं असतं. मी "बरं" म्हणाले. बाहेर येऊन पट्टीने नवीन पान आखलं. शेडमध्ये फिरून सह्या घेतल्या. "मागची वही भिजली," असं सांगितलं. सगळ्यांनी केल्या. एकाने विचारलं, "मॅडम, परत पेढे?" आणि मी त्याच्याबरोबर हसलेसुद्धा.

उरली तिची एक सही. हॉस्पिटलमधून तिला घरी सोडलं त्या दुपारी मी वही पिशवीत घातली, वर चिकू ठेवले आणि रिक्षा केली. तिची खोली हडपसर गावाच्या मागच्या बाजूला, एका चाळवजा रांगेत. नवरा कामावर गेलेला. ती खाटेवर बसून होती, उजवा हात उशीवर ठेवलेला, पांढरा आणि केवढातरी मोठा. मला बघून उठायला लागली.

"बस गं, बस."

"पाणी देतो, मॅडम. माठातलं थंड आहे." तिच्याकडच्या बोलीत बायकाही असंच बोलतात. मी नको नको म्हणेपर्यंत डाव्या हाताने पेला भरून दिलासुद्धा.

मी पाणी प्यायले. चिकू ठेवले. मग वही काढली. वाटेत वाक्य तयार केलं होतं, तेच म्हटलं, "एक सही राहिली आहे तुझी. ट्रेनिंगची."

तिचा चेहरा खुलला. "ट्रेनिंग आहे काय? कधी?"

तिला वाटलं होतं की पुढे होणार आहे.

"मी येतो नं, मॅडम. हात थोडा बरा झाला की येतो. मले त्या मशीनचं काईच माहीत नोतं. ते दोन बटनं काहून असतात, तेवढं सांगसान मले. एक तं चिकटवून होतं. मले वाटलं, खराब झालं असंन म्हणून चिकटवलं. एक बिघडलं तं दुसरं, म्हणून दोन."

वही मांडीवर मिटून ठेवली. खाटेखाली दोन वाट्या पालथ्या पडल्या होत्या. त्या मी उचलल्या आणि खाटेवर तिच्या दोन बाजूंना, हाताच्या अंतरावर पालथ्या मांडल्या. म्हटलं, "ही दोन बटणं समज. दोन्हींवर हात ठेव." तिने डावा हात एका वाटीवर ठेवला. उजवा, बँडेजसकट, दुसऱ्या वाटीवर नुसता टेकवला.

"आता मध्ये प्रेस खाली आला. तुझे हात कुठे आहेत?"

तिने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"भाईर," ती म्हणाली.

हात तिने वाट्यांवरून काढले नाहीत. शेजारच्या खोलीत कुणीतरी कपडे आपटत होतं.

"हे तुमाले माहीत होतं, मॅडम?"

"हो."

"कवापासून?"

"मार्चपासून."

तिने मान हलवली. रागावली असती तर मला उठून जाता आलं असतं. तिने विचारलं, "सही कुठं करायची आहे? डाव्या हातानं जमते का पाहतो." तिला खरंच वाटत होतं की आत्ता शिकवलं, त्याची सही.

मी म्हटलं, "राहू दे." वही पिशवीत घातली. पिशवीचा बंद अडकला, तो सोडवून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. साधे गृहस्थ, चहा घेतला नाही. माझ्याकडे दोन पानं होती, खंडेनवमीचं आणि नवीन. मी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं की यातलं एकही ट्रेनिंग झालेलं नाही, सह्या मी पेढे वाटताना घेतल्या, नवं पान काल-परवाचं आहे, आणि त्या बाईला कुणी काहीही शिकवलेलं नव्हतं. ते सावकाश लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "नवीन पान करायला कुणी सांगितलं?"

साहेब शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "अक्षर माझं आहे."

हा मोठेपणा नव्हता. नोकरीची काही वर्षं उरली होती आणि मला ती हवी होती. खरं बोलायला बसले तेव्हाही मी त्यातलं मला झेपेल तेवढंच बोलले. हे लिहिताना आजही वाटतं की ते वाक्य खोडून दुसरं घालावं, पण दुसरं मी बोललेच नव्हते.

जबाबदारी कंपनीची ठरली. मला लेखी ताकीद मिळाली. साहेब मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून तुम्ही कँटीनची कूपनं बघा." तिची नोकरी राहिली. बरी झाल्यावर तिला स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि चष्मे द्यायच्या कामावर. शेडमधली पट्टी निघाली. दर महिन्याला बाहेरून एक माणूस येऊन प्रेससमोर उभा राहून शिकवू लागला, आणि मी कूपनं फाडता फाडता खिडकीतून ते बघायची.

एवढ्यावर मी तिचा पिच्छा सोडायला हवा होता. पण तेव्हाची मी फार चांगली बाई झाले होते ना. रोज जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरच्या खिडकीशी जायची. "हात कसा आहे?" विचारायची. कधी तेल न्यायची, कधी व्यायामाला स्पंजचा चेंडू, कधी घरचा मेतकूट-भात. ती हसून "बरा आहे" म्हणायची, आणि माझं जेवण त्या दिवशी गोड लागायचं. असं तीन-चार महिने चाललं. थंडीत तिची बोटं, म्हणजे जी नव्हती ती, ठणकतात, हे मला सुपरवायझरकडून कळलं. मला तिने कधी सांगितलं नव्हतं.

कळलं त्याच दिवशी मी लोकरी हातमोजा घेऊन गेले. खिडकीशी दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "हात कसा आहे गं?" तिने मोजा घेतला, घडी करून बाजूला ठेवला. मग खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली:

"मॅडम, तुमी खरं सांगतलं म्हणून माहं काम टिकलं, ते मी इसरत नाई. पण रोज येऊन हात कसा आहे म्हणून इचारत नका जाऊ. तुमाले बरं वाटावं म्हणून मले रोज 'बरा आहे' म्हणा लागते."