दोन कानांना दोन फोन

लिफ्ट मध्येच अडकली की माणसं आधी दार बडवतात, मग आतली सगळी बटणं दाबून बघतात आणि शेवटी आरशाशेजारच्या पत्र्यावर लिहिलेल्या नंबरावर फोन करतात. तो फोन ताई उचलते.

"मी लिफ्टवाली ताई बोलतेय. किती जण आहात? पंखा चालू आहे ना? मग घाबरायचं कशाला? लिफ्ट कुठे जात नाहीये, तोच तर तिचा आजार आहे."

रडकुंडीला आलेला माणूसही यावर हसतो. अठ्ठावीस वर्षं ती हेच करतेय. दातांच्या दवाखान्याखालची दहा बाय बाराची खोली, एक टेबल, दोन फोन, आणि भिंतीवर चौसष्ट खिळ्यांना चौसष्ट इमारतींच्या किल्ल्या. कुठली लिफ्ट दमट हवेत रुसते आणि कुठल्या इमारतीचा सेक्रेटरी पंधरा मिनिटांत तीनदा फोन करतो, हे सगळं तिला तोंडपाठ. वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरतात, पण आवाज असा की अडकलेल्या माणसाला वाटावं आपली थोरली बहीण दाराबाहेरच उभी आहे.

धंदा तिच्या वडिलांचा. त्यांनी हाताखाली दोघांना तयार केलं: एक त्यांचा स्वतःचा मुलगा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, आणि दुसरा एक कष्टाळू पोरगा, जो पुढे ताईचा नवरा झाला. दोघांत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. शिकवलं तेही दोघांना एकच. लिफ्टच्या कामात एक माणूस गच्चीवरच्या मशीनरूममध्ये असतो आणि एक तळाच्या खड्ड्यात. वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून खालच्याने जे सांगितलं ते वरच्याने त्याच शब्दांत परत म्हणायचं, खालच्याने "बरोबर" म्हणायचं, आणि मगच यंत्राला हात लावायचा. मध्ये तिसरा माणूस घ्यायचा नाही. सासरा-जावई असोत नाहीतर बाप-लेक, नियम म्हणजे नियम. या नियमावर पंचवीस वर्षं दोघांनी काम केलं आणि कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही.

मग फोनवर त्या भागातल्या लोकांचा एक ग्रुप निघाला. अकरा हजार माणसं. सुरुवातीला हरवलेली मांजरं, गळके नळ, भाड्याची खोली, असलं काहीबाही असायचं. निवडणूक जवळ आली तशी मांजरं मागे पडली आणि माणसंच एकमेकांना बोचकारायला लागली.

नवरा उजवा आणि भाऊ डावा, हे घरात सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. जेवताना वाद व्हायचे, आवाज चढायचे, मग कुणीतरी मीठ मागायचं आणि विषय संपायचा. पण ग्रुपवर मीठ मागायला कुणी नसतं. बसचं भाडं वाढलं त्या दिवशी नवऱ्याने लिहिलं की फुकट्यांना पोसूनच देश बुडत चाललाय. भावाने लिहिलं, देश खाणारे वर बसलेत आणि त्यांचे जोडे पुसणारे आमच्या घरात. नवऱ्याने लिहिलं, बापाने आयतं दुकान हातात दिलं की काहींना क्रांती सुचते. भावाने लिहिलं, आणि काहींना तेच दुकान सासऱ्याने दिलं की शहाणपण सुचतं.

यावर एक्केचाळीस जण हसले. ज्यांनी तिच्या वडिलांना कधी पाहिलंही नव्हतं असे एक्केचाळीस जण. ताईने ते हसरे चेहरे एक एक करून मोजले आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला! दुकान एकच, बाप एकच, आणि त्याला दोन्ही बाजूंनी ओढून हे दोघे चौकात लोकांची करमणूक करत होते.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आता बोलणं बंद आणि काम चालू, हे जमायचं कसं? पन्नाशीच्या दोन बाप्यांनी यावर जो तोडगा काढला तो बालवाडीतल्या पोरांनाही शोभला नसता. वरचा ताईला फोन करायचा आणि खालचाही ताईलाच. ती डाव्या कानाला एक फोन लावायची, उजव्या कानाला दुसरा, आणि इकडचं तिकडे सांगायची. वडिलांनी जे करू नका म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच. तिने सांगून पाहिलं. नवरा म्हणाला, "आधी त्याला माफी मागू दे." भाऊ म्हणाला, "ताई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे." पालथ्या घड्यावर पाणी. अडकलेली माणसं तिकडे घामाघूम होत होती आणि इकडे यांची तत्त्वं. शेवटी तिनेही हात टेकले आणि दोन्ही कान त्यांच्या हवाली केले.

निरोप तरी सरळ असावेत!

"त्या अकलेच्या कांद्याला म्हणावं, दोन नंबरची वायर तपास."

"दोन नंबरची वायर बघा म्हणतोय," ताई सांगायची.

"त्या विद्वानाला सांग, ती मी सकाळीच बघितली. पुस्तकं वाचून लिफ्ट चालत नाही."

"वायर ठीक आहे म्हणतायत."

म्हणजे ती निरोप पोचवता पोचवता चाळत होती. त्यात ती इतकी तरबेज झाली की टोमणा सुरू होण्याआधीच तिला चाहूल लागायची. भाऊ "आणि सांग तुझ्या नवऱ्याला" म्हणाला, किंवा नवरा "तुझ्या भावाला म्हणावं" म्हणाला, की ती तो फोन कानापासून वीतभर लांब धरायची, मनात दहा आकडे मोजायची आणि पुन्हा कानाला लावायची. तेवढ्यात गरळ ओकून झालेली असायची. आपण दोघांमध्ये शांतता राखतोय, असं तिला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटत होता.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, कापड दुकानांच्या सात मजली इमारतीत काम निघालं. नवरा वर, भाऊ खाली खड्ड्यात. खड्ड्यात एक लाल बटण असतं. ते दाबून ठेवलं की वरच्याने काहीही केलं तरी लिफ्ट हलत नाही, आणि खालच्याने बाहेर पडतानाच ते मोकळं करायचं. सकाळी ग्रुपवर नवऱ्याने काहीतरी झोंबणारं लिहिलं होतं, त्यामुळे भाऊ आधीच धुमसत होता. काम संपलं तसं त्याने रागाच्या भरात ते बटण आधी मोकळं केलं आणि मग हत्यारं गोळा करायला लागला.

"झालं काम," तो डाव्या फोनवर म्हणाला. "लिफ्टचा डबा खाली घेऊन बघायला सांग. आणि सांग तुझ्या नवऱ्याला..."

ताईने फोन लांब धरला. एक, दोन, तीन. उजव्या फोनवर ती म्हणाली, "झालंय. खाली घ्या."

"तो बाहेर आला?" नवऱ्याने विचारलं.

"झालंय म्हणाला ना! आला असेल."

त्याने खालच्याच्या तोंडून ते ऐकायला हवं होतं. पण त्याला तर खालच्याशी बोलायचं नव्हतं.

आठ. नऊ. डावा फोन तिने कानाला परत लावला तेव्हा आधी नुसती घरघर ऐकू आली आणि मग भावाचा आवाज, असा की तसा तिने त्याच्या लहानपणानंतर कधी ऐकला नव्हता.

"भाऊजी! भाऊजी, थांबा! भाऊजी!"

ती दुसऱ्या फोनवर किंचाळली, "थांबवा! अहो थांबवा!"

लिफ्टचा डबा थांबला तेव्हा लाल बटणापर्यंत पोचायला वेळ न मिळालेला भाऊ खड्ड्याच्या फरशीवर पालथा पडलेला होता आणि त्याच्या पाठीवर वीतभर जागा उरली होती.

बाहेर आल्यावर त्याने ताईला फोनवर एवढंच सांगितलं की टोमण्याच्या शेवटी तो म्हणाला होता, पण आधी मला बाहेर येऊ दे. नवरा सात मजले धावत उतरला. तळमजल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघे दोन दारांनी निघून गेले.

माणसाला वाटेल, आता तरी डोळे उघडतील. अहो, कसलं काय! संध्याकाळपर्यंत दोघांनीही ती घटना ग्रुपवर टाकली होती. भावाने लिहिलं, वर बसलेल्याला खाली माणूस आहे की नाही हे विचारायचीही गरज वाटत नाही, हेच यांचं राजकारण. नवऱ्याने लिहिलं, सुरक्षेचा साधा नियम पाळायचा नाही आणि दोष दुसऱ्याला द्यायचा, हेच यांचं राजकारण. आणि मग काय, मोहोळ उठलं. दोन दिवसांत चारशे बारा प्रतिक्रिया. स्वतःला वादळ म्हणवणाऱ्या एकाने उजव्यांना खुनी ठरवलं. गुलाबाच्या फुलाचा फोटो लावणाऱ्या एका बाईने डावे कामचुकारच असतात याचे आकडे दिले. चारशे बारा प्रतिक्रियांत सगळ्यांनी अपराधी शोधला, आणि तिच्याकडे एकाचंही बोट गेलं नाही.

ताईला घास गिळवेना. एका इमारतीत एक म्हातारे गृहस्थ अडकले तेव्हा तिला नेहमीचे शब्दच सापडेनात. शेवटी तेच म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरू नका." ती रात्रंदिवस तेवढंच मोजत होती, एक ते नऊ. त्या नऊ आकड्यांत भाऊ गेला असता. त्याला त्याच्या भाऊजींनी मारलं नसतं, कुठल्या पक्षानेही मारलं नसतं. तिने मारलं असतं, सख्ख्या बहिणीने.

शुक्रवारी दुपारी तिने टेबलाशी बसून, एका बोटाने अक्षरं शोधत, ग्रुपवर आयुष्यातला पहिला मजकूर लिहिला. "त्या दिवशी दोघांच्या मध्ये फोनवर मी होते. भाऊ आधी मला बाहेर येऊ दे म्हणत होता तेव्हा मी फोन कानापासून लांब धरला होता. चूक माझी आहे."

पहिला प्रश्न दोन मिनिटांत आला: ताई, तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या? त्यानंतर दोन्ही बाजू तिच्यावर तुटून पडल्या. नवऱ्याच्या प्रत्येक ओळीला अंगठा देणारा एक जण म्हणाला, बायकांना धंद्यात बसवलं की असंच होणार. भावाचा एक जिवलग कॉम्रेड म्हणाला, मालकीणबाईंना कामगाराच्या जिवाची किंमत काय कळणार. कुणी तिच्या फोटोवरून बोललं, तर कुणी विचारलं, एवढा वेळ फोनवर ती कुणाशी गुलुगुलु करत होती.

नवरा आणि भाऊ पाच मिनिटांच्या अंतराने धापा टाकत ऑफिसात शिरले. ताईचा जीव भांड्यात पडला. आले, दोघेही आले, माझ्यासाठी आले.

नवरा टेबलाच्या या बाजूला स्टुलावर बसला, भाऊ त्या बाजूला खोक्यावर. दोघांनी खिशातून फोन काढले, माना खाली घातल्या आणि दणादण टाइप करायला लागले.

"माझ्या बायकोबद्दल बोलतो! थांब, दाखवतो तुला," नवरा फोनकडे बघत पुटपुटला.

"मालकीणबाई म्हणतो! माझ्या बहिणीला!" भाऊ फोनकडे बघत म्हणाला.

ताई मध्ये बसली होती. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. दोघेही तिच्यासाठी लढत होते, जीव तोडून, तिच्यापासून हातभर अंतरावर बसून, कुणा वादळाशी आणि कुणा गुलाबाशी.

तेव्हा मात्र तिच्या सहनशक्तीचा अंत झाला. तिने एका हाताने एकाचा आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याचा फोन हिसकला, दोन्ही ड्रॉवरमध्ये कोंबले आणि ड्रॉवर दाणकन बंद केला.

"मी इथे आहे!" ती ओरडली. वरच्या दवाखान्यातलं यंत्रसुद्धा क्षणभर थांबलं. "इथे! या खुर्चीत! माझ्याशी बोला ना! मी मारलं असतं याला. मी! तीन दिवस मला झोप नाही, अन्न नाही, आणि तुम्ही कुणाशी भांडताय? कोण आहेत ते? त्यांना आपलं घर तरी ठाऊक आहे का?"

रिकाम्या बोटांचं काय करावं ते दोघांना कळेना. नवऱ्याने गुडघे चोळले. भाऊ किल्ल्यांच्या भिंतीकडे बघत राहिला.

"तू नाही मारलंस," भाऊ म्हणाला. "बटण मीच आधी मोकळं केलं होतं." मग त्याचा आवाज चिरकला. "ताई, मी फार घाबरलो होतो गं. मला वाटलं, संपलं आता."

चारशे बारा प्रतिक्रियांत हे वाक्य कुठे नव्हतं. त्याने स्वतःही ते लिहिलं नव्हतं.

बोलता बोलता त्याने डावा खांदा सावरला, आणि त्याला तो हात नीट उचलता येत नाहीये हे नवऱ्याच्या लक्षात आलं. तो स्टुलावरून उठला. टेबलाला वळसा घालून खोक्यापाशी जाऊन उभा राहिला. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच मेहुण्याच्या इतक्या जवळ गेला होता.

"लागलं का रे तुला?" तो म्हणाला.

"आज विचारताय, भाऊजी? तीन दिवसांनी?"

नवऱ्याने हात पुढे केला.

"शर्ट काढ," तो म्हणाला. "बघू दे मला."