तो पॉज होता

अमेरिकेत, बॉथेलला, आमच्या खालच्या मजल्यावर एक रशियन बाई राहते, मुलगा-सुनेकडे. तिकडे आधी नाटकात कामं करायची, मग कादंबऱ्या लिहायला लागली. सहा छापल्या. पुढे सरकारविरुद्ध काही बोलली, तर पुस्तकं दुकानांतून उचलली. सातवी बॅगेत घालून इकडे आली. लेकीच्या मैत्रिणी मला मावशी म्हणतात, तेच माझं नाव असं तिला वाटतं. वयानं ती मोठी, पण मीच तिची मावशी.

मी नागपूरला हौशी नाटकांना वीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य पुरवायचं. हे कळल्यावर तिनं मला सोडलंच नाही. त्या सातव्या कादंबरीतलं एक प्रकरण कोणी इंग्रजीत करून दिलेलं. ते लायब्ररीत वाचायचं होतं आणि ऐकायला एक प्रकाशक बाई येणार होती. तिला पटलं तरच पुस्तक निघणार.

"नट कागद धरत नाही, मावशी," तिच्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली. मग महिनाभर रोज सकाळी माझ्या किचनमध्ये पाठांतर.

त्या दिवशी मी पहिल्या रांगेत. छान चाललं होतं. आई मुलाला दार उघडते, तिथे ती थांबली. थांबलीच. तालमीत तिथे कधी थांबली नव्हती. माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघून गेलं. हळूच बोलले हो, पण लायब्ररीत हळू काही नसतं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तेच वाक्य शाळेतल्या पोरीसारखं माझ्यामागून म्हटलं. लोकांचे चेहरे एकदम कनवाळू झाले. शेवटी प्रकाशक बाई तिच्या सुनेला म्हणाली, "शी इज सो ब्रेव्ह." म्हातारी शेजारीच उभी होती.

गाडीत म्हणाली, "मी विसरले नव्हते. तो पॉज होता."

"मग तालमीत का नाही घेतलास?"

"समोर माणसं बसल्याशिवाय तो सापडत नाही."

आठवड्यानं ईमेल आली. लेखिकेची तब्येत बघता पुढे जाता येणार नाही.

लेक मला म्हणाली, "आई, इट्स ओके. यू वर जस्ट हेल्पिंग."

मदत कसली. वीस वर्षं माझा आवाज प्रेक्षकांत गेला की बोलणी खायची. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू गेला आणि क्षणभर मला बरं वाटलं. हे मी म्हातारीला सांगितलेलं नाही.

ती आता दुसऱ्या प्रकाशकाला लिहू म्हणते. सून म्हणते, जाऊ द्या, दगदग नको. मी म्हणू शकते की बाईचं डोकं शाबूत आहे. पण मीच सगळ्यांसमोर उलटं दाखवून बसले, आता माझं कोण खरं धरणार?