सासूबाईंना उठवणारी खुर्ची

बटण दाबलं की माणसाला उभं करणारी खुर्ची मिळते, हे जावेनं फोनवर सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंची उजवी बाजू लकव्यानं गेली तेव्हापासून त्यांना उठवायचं काम माझं. एकदा उभ्या राहिल्या की काठीवर चालतात, अडतं ते उठण्यातच. मी त्यांच्या काखेत हात घालायचे, त्यांनी डावा हात माझ्या गळ्यात टाकायचा, "चल गं बाय" म्हणायचं, की दोघी मिळून उभ्या. नाशकात राहणारी ही धाकटी सणाला येणार, पाया पडणार, फोटो काढणार. आणि आता म्हणे खुर्ची! म्हणजे राबायचं आम्ही आणि नाव हिचं.

तरी खुर्ची निवडायला मी गेलेच. आईंचं माप माझ्याशिवाय कोणाला ठाऊक? खोडाळ्याहून नाशकाची सकाळची एसटी धरली. दुकानात जाऊबाई आधीच एका मोठ्या तपकिरी खुर्चीत पाय पसरून बसलेल्या. "ताई, बघा तरी, कसली मऊ आहे!"

"ऊठ, मी बसते," मी म्हटलं. आईंची न् माझी उंची सारखीच. बसले तर टाचा अधांतरी. "पाय टेकत नाहीत, तर आई उभ्या राहणार कशावर? तुझ्या डोक्यावर?" दुकानदार हसला, जाऊ नाही हसली. मला बरं वाटलं. दुसरीचं बटण उजव्या हाताला होतं. "आईंचा उजवा हात चालत नाही, एवढंही ठाऊक नाही होय गं?" तिचं तोंड एवढंसं झालं. मला आणखी बरं वाटलं. लाइट गेली तर काय, तेही मीच विचारलं. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट पाहुण्यासारखी येते. शेवटी बुटकी, डाव्या बटणाची, बॅटरीवाली खुर्ची ठरली. निवडली मी, पण पैसे दिले तिनं. त्यामुळे सगळ्या भावकीत एकच बोलणं, धाकटीनं खुर्ची दिली.

टेम्पोतून खुर्ची आली, तीही आली, दीरही आले. बॅटरी चार्ज करायला घरात प्लग एकच, टीव्हीपाशी, म्हणून तिथंच ठेवली. शेजारणी जमल्या. दिरांनी आईंना बसवून आधी आडवं व्हायचं बटण दाबलं. पाठ मागं गेली, पाय वर आले, आणि आई ओरडल्या, "अरे थांबव! पाय कुठं चालले माझे!"

समोर भाताची कणगी होती. धान्याला चुकून पाय लागला तरी आम्ही हात लावून नमस्कार करतो. एवढी मापं घेतली, पण पाय कोणाकडं होतील हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. "लक्ष्मीकडं पाय करून लोळू होय रे मी?" आणि भरलेली कणगी थोडीच हलते!

"राहू दे मग," मी म्हटलं. "मी आहे ना." काय गोड वाटलं ते म्हणताना!

पण आई हटेनात. "लांब वायर आण. खुर्ची दाराकडं फिरव." दीर बाजारातून वायर घेऊन आले. खुर्ची फिरली. आईंनी डाव्या अंगठ्यानं स्वतः बटण दाबलं, खुर्ची हळूहळू पुढं कलली आणि आई उभ्या राहिल्या. कोणी हात लावला नाही. मी सवयीनं हात पुढं करून वाकले होते, तशीच राहिले. "धाकटी गुणाची हो!" शेजारीण म्हणाली. मला रडूच आलं, रागाचं.

सगळे गेल्यावर खुर्चीत बसलेल्या आईंना चहा देताना मी तोंड सोडलंच. "हो, तुमची धाकटी गुणाची. घरात मी मरमर मरते, पण खुर्ची सुचली तिला."

"तिला कुठली सुचते? टीव्हीत बघून मीच सांगितलं तिला. मला उठवलंस की तू मोरीत जाऊन कंबर धरून उभी राहतेस. मला दिसत नाय होय?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू घेऊ दिली असतीस?"

त्यांनी बटण दाबलं, उभ्या राहिल्या, काठी धरून बाजूला सरकल्या. खुर्ची परत खाली आली.

"बस," म्हणाल्या. "चहा पी तुझा."

मी बसले. टाचा बरोब्बर जमिनीला टेकल्या.