उलटं चालवा

माझा चुलतभाऊ आज आमच्या ईट गावच्या ग्रामपंचायतीत मेंबर आहे, आणि त्याला निवडून आणण्यात माझाही हात आहे. हे लिहितानाही डोक्यात तिडीक जाते.

कॉलेज संपवून मी घरी बसले होते. चित्रं हलवायचा एक साधा प्रोग्रॅम लिहीत होते. एका पानावर चित्र काढायचं, पुढच्या पानावर तेच जरा सरकवून काढायचं. मागचं पान खालून फिकट दिसतं, म्हणून रेघ चुकत नाही. पानं भराभर फिरवली की चित्र चालायला लागतं. आमच्या एकत्र घरात या भावाच्या दोस्तांचा कायम अड्डा, म्हणून मी शेजारच्या काकूंच्या सोप्यात, पुढच्या पडवीत बसायचे. चहा त्यांचा, लाईटही त्यांचीच. पहिलं चित्र काढलं तेही त्यांचंच: काकू दारापुढं वाकून दाणे टाकतात आणि कोंबड्या टिपतात.

"माझी पाठ एवढी वाकडी हाय व्हय गं?" म्हणाल्या, आणि पुन्हा पुन्हा लावायला लावलं. त्यांना अजून हसवावं म्हणून मी 'उलटं चालवा' असं एक बटण बसवलं. ते दाबलं की कोंबड्यांच्या चोचीतले दाणे उडून काकूंच्या मुठीत जायचे. लई हसल्या.

मग निवडणूक लागली आणि वॉर्डात भावासमोर काकू उभ्या राहिल्या. पत्रक करायचंय म्हणून त्यानं माझा लॅपटॉप नेला. या दिवट्याला साधं मडकं काढता येत नाही, पण काढायची गरजच पडली नाही. त्यानं ते बटण दाबलं, मोबाईलवर शूटिंग केलं आणि वर लिहिलं, 'गरिबाच्या तोंडचा घास काढणारी बाई.' दुपारपर्यंत ते गावभर झालं.

जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. "लाज न्हाय वाटत तुला?"

तो दात कोरत म्हणाला, "चित्र तुझं, बटण तुझं. म्या काय केलं?"

आई म्हणाली, "निवडणुकीत चालतंच असलं." चालतं म्हणे. घरात साखर संपली की हीच वाटी घेऊन काकूंकडं जायची.

मी सुलटं चित्र सगळ्या ग्रुपांवर टाकलं. एकानंही पुढं पाठवलं नाही. मेल्यांना उलटंच गोड. काकू पडल्या. भावानं आमच्याच दारात गुलाल उधळला, माझ्याही तोंडाला फासायला आला, तेव्हा मी त्याचा हात झिडकारला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही आणि मला बोलायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंकडं गेले.

"तू काढलं ते काय खोटं न्हवतं, बाई," त्या म्हणाल्या. "बस, च्या घे."

कोंबड्या ओरडायला लागल्या तशा काकू उठल्या. त्यांना दारापुढनं हाकलून आत अंगणात घेतलं, रस्त्याकडचं दार लावलं, कडी घातली, आणि मग मूठभर दाणे घेऊन वाकल्या.