पुसलेलं पाखरू

लालासाहेब साळुंखे मूळचे साताऱ्याकडचे. लष्करात नकाशे काढण्यात उमर गेली. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी मिरजेत बिऱ्हाड केलं आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला घेतल्या. पाट्या पोटासाठी, जीव रमायचा तो नकला करण्यात. तरुणपणी औंधला यमाईच्या दर्शनाला गेले असता तिथल्या संग्रहालयात त्यांनी विलायती चित्रांच्या हाताने केलेल्या नकला पाहिल्या होत्या, तेव्हापासूनचं हे वेड. छापील चित्रावर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या, कॅनव्हासवर त्याच मोठ्या करून पाडायच्या आणि एकेक घर भरत जायचं. मुळात आहे ते गाळायचं नाही, नाही ते घालायचं नाही. डोळे मात्र सगळ्यात शेवटी.

१९७४ च्या उन्हाळ्यात जवळच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती प्रार्थनाघराचे पाळक दानिएल मास्तर एक जुनं छापील चित्र घेऊन आले. हे मोठं करून हवं, म्हणाले. चित्र इटलीतलं, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं. निळ्या वस्त्रातली येशूची आई मरिया, मांडीवर उघडं बाळ आणि बाळाच्या मुठीत, डोक्यावर लाल ठिपका असलेलं एवढंसं पाखरू.

त्याच सुमारास लालासाहेबांची लेक शालन बाळंतपणाला माहेरी आली. तिचं पहिलं पोटातच गेलं होतं. त्यामुळे या खेपेला घरात भांडंसुद्धा कोणी वाजू देत नव्हतं. पोटुशीच्या नजरेसमोर बाळकृष्णाची तसबीर लावतात, तसं बाळ आणि पाखरू रंगवून होताच लालासाहेबांच्या बायकोने, बनुबाईंनी, तो कॅनव्हास लेकीच्या खाटेसमोर ठेवून घेतला.

"आवं, एवढा गुटगुटीत तर कॅलेंडरावरचा कृष्णबी नसतोय. बघू दे तिला रोज."

लालासाहेबांना अभिमानच वाटला. मरियेला अजून डोळे नव्हते, म्हणून बनुबाईंनी तिच्या तोंडावर वरून फडकं सोडलं होतं. वाऱ्याने ते उडालं की शालन उठायची आणि नीट करायची.

डोळ्यांची वेळ आली तेव्हा लालासाहेब अडले. छापील चित्रातली आई बाळाकडे पाहत नव्हती. कोणाकडेच पाहत नव्हती. ती नजर काही केल्या हाताला येईना. शेवटी त्यांनी मास्तरांना गाठलं आणि विचारलं, की ही बघते तरी काय?

मास्तरांनी सहज सांगितलं. ते पाखरू काट्यांत राहणारं. पुढे याच मुलाच्या डोक्यात काटे रुतले, पाखराच्या डोक्यावरचा लाल ठिपका त्याच्याच रक्ताचा म्हणतात.

"आईला ते आत्ताच कळलंय, लालासाहेब. लेकरू मांडीवर आहे आणि तिला त्याचं मरण दिसतंय."

घरी येईपर्यंत लालासाहेबांना चित्रासमोरची शालनची खाटच दिसत होती. चित्र हलवावं, तर शालन का म्हणून विचारणार. बनुबाईंना सांगावं, तर त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं. दुसऱ्या दिवशी शालन तपासणीला दवाखान्यात गेली तसे ते ब्रश घेऊन बसले. पाखरावर रंग फासला आणि मुठीत झेंडूचं फूल दिलं. मरियेचे डोळे काढले ते खाली, बाळावर लागलेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नक्कल खोटी केली.

शालन परत आली आणि खाटेवर टेकून बघत राहिली. पाखरू कुठं गेलं, हे तिने विचारलं नाही. लालासाहेबांनी त्यासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

"ही तर खाली बघती, आबा."

"व्हय. पोराकडं बघती."

"श्वास चाललाय का, त्ये बघती."

लालासाहेब हसले. शालन हसली नाही.

पण बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला, तोही असा वजनदार की दवाखान्यातल्या बाया त्याला पैलवान म्हणू लागल्या. बनुबाई ज्याला त्याला चित्राचा गुण सांगत सुटल्या. लालासाहेबांनाही वाटलं, आपण वेळेत हात चालवला, टळलं.

बारशानंतर मास्तर चित्र न्यायला आले. बराच वेळ पाहून त्यांनी हळूच विचारलं, पाखरू कुठं आहे? लालासाहेब त्यांना बाहेर चला म्हणून खुणावत होते, तोच पोर कडेवर घेऊन शालन दारात आली.

"पाखराचं मला ठावं हाय, आबा. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरला इचारलं हुतं मी."

"कवा?"

"तुमी पुसायच्या लय आदी."

"मग बोलली न्हाईस ती?"

"काय बोलू? आई रोज त्या चित्रातल्या पोराची दिष्ट काढत हुती. आन् तुमी कवा न्हाई ते गुणगुणत हुता."

तिने पोराला सावरलं. पोर तोंड उघडं टाकून झोपलं होतं, गालावर दुधाचा ओघळ. शालन त्याच्याकडे पाहत नव्हती. बापाकडेही नाही. दोघांच्या मधून कुठेतरी पलीकडे तिची नजर लागली होती, आणि ती हलत नव्हती.

मास्तरांनी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं आपलं छापील चित्र उचलून पुढे केलं. पाखरू आणि डोळे मुळासारखे करता येतील का, म्हणाले.

करतो, असं लालासाहेब म्हणाले. चित्र मात्र त्यांनी न उलगडताच परत दिलं. आता ते लागणार नव्हतं.