मामांचा सडा

समुद्र सगळ्यांनाच दिसतो. पण तो दाखवावा लागतो असे मानणारा माणूस साऱ्या मालवण किनाऱ्यावर एकच होता, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा होता. पोटापाण्यासाठी मामांचे बाजारात कापडाचे दुकान होते. पण गावात कुणाकडे पाहुणा उतरल्याचे कळले, की गिऱ्हाइकासमोर उलगडलेला तागा तसाच टाकून ते उठत आणि पाहुण्याने पाय धुवायच्या आत त्याला गावाबाहेरच्या सड्यावर नेत. जांभ्या कातळाचा तो सडा, म्हणजे उघडे पठार, थेट समुद्रात घुसलेला. टोकाला एक पडका बुरूज, खाली उभा कडा. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी मामा दारात हजर. "चल गो, समुद्र बघूक." मी वेंगुर्ल्याची, समुद्र जन्मापासून पाहिलेला, असे मी भीत भीत सांगितले. "तो वेगळो," मामा म्हणाले. "तो मागीलदारचो. ह्यो दर्शनी."

सड्यावर त्यांचेच कायदे चालत. श्रावणात कातळभर उगवणाऱ्या इवल्या फुलांवर पाय पडू नये म्हणून ते पाहुण्यांना एकामागून एक, प्रदक्षिणा घालावी तसे चालवत. बुरुजापाशी एक जुनी तोफ आडवी पडली होती, तिच्यावर कुणी टेकले की मामा कळवळत, "अहो, म्हातारी आसा ती!" डॉल्फिन दिसले नाहीत, तर घरातली साखर संपल्यासारखे ओशाळून पाहुण्याची माफी मागत. पुढे वनखात्याने तिथे 'राखीव क्षेत्र' अशी पाटी रोवली, तेव्हा त्यांनी बाजारात पेढे वाटले.

त्यांची एकुलती मुलगी सुलभा. चौऱ्याऐंशी साल असावे. तिला पाहायला रत्नागिरीची मंडळी आली. मुलगा शांत, वडील मात्र मोठ्या आवाजाचे, गळ्यात ट्रान्झिस्टर आणि त्यावर क्रिकेटची कॉमेंटरी. पोहे संपतात न संपतात तोच मामा उठले. मामी खुणा करत राहिल्या, पण वरात निघालीच. बुरुजाजवळच्या झाडावर समुद्रगरुडाचे घरटे होते. मामा शुद्ध मराठीत म्हणाले, "कृपया बंद करा. वर पिल्लं आहेत."

"एवढी ओव्हर होऊ द्या," वडील म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी बाद झाला आणि ते आनंदाने ओरडले. पक्षीण भर्रकन उडाली. लगेच कावळे घरट्याभोवती जमले. मामांची शुद्ध मराठी संपली. "अहो, बंद करा म्हणतंय ना!" असे म्हणत त्यांनी ट्रान्झिस्टर ओढून घेतला, उपरण्यात गुंडाळला आणि त्यावर चक्क बसले. खालून कॉमेंटरी चालूच होती. मुलाला हसू आवरेना, वडील लालबुंद. पक्षीण परत येऊन बसली तेव्हाच मामा उठले, ट्रान्झिस्टर पुसून दिला आणि हात जोडले. पण मंडळी निरोप न घेताच गेली.

घरी मामी रडत होत्या. मामांनी ओटीवरून सुलभाला हाक मारली. "तुका तो पसंत होतो काय गो?"

"होतो," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मामा रत्नागिरीला गेले. वडील त्यांच्याशी बोललेच नाहीत. मुलगा मात्र स्टँडपर्यंत सोडायला आला आणि त्या पिल्लांबद्दल विचारू लागला. मामा सांगत सुटले. डोळ्यांदेखत परतीची गाडी गेली. मुलाने त्यांना पुन्हा घरी नेले. आलेल्या माणसाला जेवू घालणे भागच होते, आणि शेजारच्या पानावर बसून अबोला धरणे त्या बोलक्या गृहस्थांना काही जमेना. वैशाखात लग्न झाले.

सुलभा सुखात आहे. मामा अजूनही पाहुण्यांना सड्यावर नेतात. पण सगळे खाली समुद्र पाहत असताना ते उत्तरेकडे, किनारा धूसर होत जातो तिकडे बघत उभे राहतात. या किनाऱ्यावरचा एकेक खडक नावाने ओळखणारा हा माणूस, परवा मलाच हळूच विचारत होता, "रत्नागिरी त्याच बाजूक ना गो?"

"होय मामा," मी म्हटले. "त्याच बाजूला."